एक जूनची लेकरं

एक जून उजाडला की माझं डोकं सकाळपासूनच फिरलेलं असतं. एरवी वर्षातल्या सगळ्या तारखांशी माझं बरं चालतं. हिंगोलीतल्या एका लहानशा दैनिकात मी अठरा वर्षं पानं लावतो आहे, आणि त्यातली 'आजचा दिवस' ही बारकी चौकटही मीच लिहितो. अमुक तारखेला काय घडलं, कोण जन्मलं, कोण गेलं, एवढ्या दहा ओळी. सतरा सप्टेंबरला मराठवाडा मुक्त झाला. एक मेला महाराष्ट्र झाला आणि नव्व्याण्णव साली त्याच तारखेला परभणीतून आमचा जिल्हा वेगळा झाला. प्रत्येक तारखेला तिचं तिचं काही तरी असतं, आणि ते मला वाचकांपेक्षा जास्त आवडतं, कारण वाचक ती चौकट वाचतच नाहीत. एक जूनला मात्र त्या चौकटीलासुद्धा पानात जागा उरत नाही. त्या दिवशी पुण्याहून नगरला एसटीची पहिली गाडी सुटली, सन अठ्ठेचाळीस, हे एक वाक्य मी दरवर्षी कुठे तरी कोपऱ्यात कोंबतो. बाकी सगळं पान, आणि पानं कमी पडली तर पुरवणी, वाढदिवसाच्या शुभेच्छांची. सरपंच, माजी सरपंच, भावी सरपंच, हळदीचे आडते, मास्तर, कंडक्टर, तलाठी, सगळे एक जूनचे. पूर्वी पोराचं नाव शाळेत घालायला आलेल्या आईबापाला जन्मतारीख सांगता आली नाही की मास्तर सहा वर्षं मागे मोजायचे, एक जून लिहायचे आणि मोकळे व्हायचे. अर्धा मराठवाडा असा एका दिवशी जन्मला आहे. आणि त्यातला निम्मा फोटोसकट माझ्या टेबलावर येतो.

त्यात माझे वडील. जळबा गुरुजी म्हटलं की सेनगाव तालुक्यात अजून चार माणसं उठून उभी राहतात. पुसेगावच्या आमच्या वस्तीतून मास्तर झालेला पहिला माणूस. त्यांची स्वतःची जन्मतारीख एक जूनच, आणि त्यांनी पुढे छत्तीस वर्षं ज्यांची ज्यांची नावं शाळेत घातली त्यांचीही तीच. 'बाबा, तुमच्यामुळे बेकरीवाल्यांची चांदी आहे,' असं मी त्यांना दरवर्षी म्हणतो आणि ते दरवर्षी हसतात, तोंड न उघडता. माझी तारीख तेवढी खरी आहे. एकोणीस ऑगस्ट, पहाटे पाच वाजून दहा मिनिटं. बाबांच्या त्या वर्षीच्या डायरीत निळ्या शाईने लिहिलेली आहे. स्वतःच्या पोराची मिनिटंसुद्धा आणि दुसऱ्यांच्या पोरांना घाऊक एक जून, हे मी त्यांना एकदा भर पंगतीत ऐकवलं होतं. तेव्हा ते हसले नव्हते. मला वाटलं, लागलं बरोबर.

या वर्षी डोकेदुखी दुप्पट होती. सत्त्याण्णव साली गोरेगावजवळच्या एका तांड्यावर नवी शाळा सुरू झाली, तिथे पहिले मास्तर म्हणून बाबांना पाठवलं होतं. त्या पहिल्या वर्षीच्या पोरांनी गुरुजींचा सत्कार ठरवला. पुढारी उत्तमसिंग, तो आता ग्रामसेवक आहे. दुपारी चार वाजता गोरेगावला मंडप, गुरुजींना शाल, आणि सकाळच्या अंकात पूर्ण पान. 'एक तारीख, एक शाळा, एक गुरुजी', हे शीर्षक त्याचंच. शाळा नवी, म्हणून पाच वर्षांचं काय आणि नऊ वर्षांचं काय, सगळ्यांना पहिलीतच घातलेलं होतं. त्यामुळे रजिस्टरात एकाच तांड्यावर एकाच दिवशी एकाच वर्षी चाळीस लेकरं जन्मली होती. उत्तमसिंगला हे कौतुकाचं वाटत होतं. शाळेत जाऊन त्यानं जुन्या दाखलखारीज, म्हणजे पोरांची नावं घातल्या-काढल्याच्या, रजिस्टरचे फोटो काढले आणि काल दुपारी मला व्हॉट्सॲपवर पाठवून दिले. 'प्रज्ञेशभाऊ, चाळीसच्या चाळीस नावं आली पाहिजेत, एकबी सुटू नाही.' चेहऱ्यांचे फोटो आले सव्वीस. राहिलेल्या चौदा चौकटींत मी केकचं चित्र टाकलं. काय करणार? खाली बियाण्याच्या दुकानापुढे कापसाच्या पाकिटांसाठी रांग, तिचा गलका वर खिडकीतून आत, कूलरमध्ये पाणी नाही, आणि मी 'पुजा', 'प्रेमदास', 'सेवा' असं एकेक नाव टाइप करत होतो. अक्षर तेवढं चांगलं होतं. मनात म्हटलंही, मास्तरांचं अक्षर ते मास्तरांचं अक्षर.

आज अकराच्या सुमाराला भिकाबाई आली. तेव्हा मला तिचं नाव माहीत नव्हतं. साठी ओलांडलेली एक बाई जिना चढून वर आली, दारात थांबून तिनं दम घेतला आणि हातातल्या पिशवीतून आजचा अंक काढला. अंकाची नीट चार पदरी घडी होती. ती उलगडून तिनं माझ्यापुढे पान पसरलं आणि एका केकवर बोट ठेवलं.

"हे कुनी छापलं?"

मी म्हटलं, "मी. काय चुकलं, मावशी? फोटो हवा होता का? आता पुढच्या वर्षी." हे वाक्य मी सकाळपासून सात जणांना सांगितलं होतं.

"माझी पोरगी हाय ही. पुजा. हिचा वाढदिवस आज न्हाई."

मी हसलो असणार. आज कुणाचाच नसतो मावशी, असं काही तरी मी बोललो. ती हसली नाही. म्हणाली, "पुजा मेली. सोळा वरसं झाली." आणि मग खुर्चीवर बसली, मी बसा म्हणण्याआधीच.

एखादी बाई मेलेल्या मुलीला वाढदिवसाच्या शुभेच्छा छापल्या म्हणून भांडायला आली असती, तर ते मला कळलं असतं. अशा चुका होतात. गेल्या साली एका जिवंत आडत्याला आम्ही भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली होती, तो स्वतः पेढे घेऊन आला. मी लगेच माफीची भाषा सुरू केली. उद्याच्या अंकात खुलासा टाकतो, नजरचुकीने झालं, ज्यांनी यादी दिली त्यांनीच बघायला हवं होतं. बोलता बोलता मी उत्तमसिंगला फोनही लावला आणि त्याच्यावर खेकसलो. 'अरे, मी पाहिलंच न्हाई रे, मी तर नुसते फोटो काढले,' असं तो पलीकडून म्हणत होता, मागे मंडपवाल्यांची ठोकाठोक ऐकू येत होती. भिकाबाई सगळं ऐकत होती आणि मान हलवत होती. तिला काही तरी वेगळंच म्हणायचं होतं.

"शुभेच्छा देल्या ते ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "नातीनं वाचून दाखवलं मला. पुजाचीच पोरगी हाय, राणी. दहावीला हाय औंदा. म्हनली, नानी, आईला हॅपी बर्थडे हाय पेपरात. आईचं नाव कुठं छापून आलेलं तिनं कधी पाह्यलंच न्हवतं. लई खूष झाली. मंग मला म्हनली, नानी, आई आजच्याच तारखेला जलमली का? तिला काय सांगू मी?"

"मग खरी तारीख कोणती?" मी विचारलं. आवाजात वैताग होता, तो लपवायचा प्रयत्न मी केला नाही. खरी तारीख सांगा म्हटलं की लोक काय सांगतात ते मला पाठ आहे. पोळ्याच्या आगेमागे, ज्वारी हुरड्यावर होती तेव्हा, थोरल्या नणंदेच्या लग्नाच्या साली.

"गणपती बुडवले त्या रातीला," ती म्हणाली. "समदे निजले व्हते. मला कळा लागल्या आन् पहाटं जमीन हालली. उतरंड खाली आली, भांडे घरभर. सुईन भिऊन बाहीर पळाली, लोक वरडून राहिले व्हते, आन् ही आली. मीच वढून घेतली तिला. दुसऱ्या दिवशी रेडूवर सांगितलं, तिकडं लातूराकडं गावंच्या गावं गेली म्हनून."

तीस सप्टेंबर एकोणीसशे त्र्याण्णव, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. किल्लारी. दर तीस सप्टेंबरला ती ओळ मी माझ्या हातानं चौकटीत टाकतो, मिनिटांसकट. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो, पुसेगावात अंगणात येऊन उभे राहिलो होतो आम्ही सगळे, आणि आईनं मला इतकं घट्ट धरलं होतं की दंड दुखत होता. तारखा सांगता येत नाहीत म्हणून ज्या लोकांना एक जून वाटून टाकला, त्यांतली एक बाई माझ्यासमोर बसून मला मिनिटापर्यंतची तारीख सांगत होती. आणि तिला कुणी विचारलेलंच नव्हतं. मी बोटांवर मोजलं. सत्त्याण्णवच्या जूनमध्ये ही मुलगी चार वर्षांचीही नव्हती. रजिस्टरात ती सहाची होती.

"चौथीपतुर शिकली," भिकाबाई म्हणाली. "मंग सोयरीक आली. मी म्हनलं, पोरगी लहान हाय. तिचा बाप म्हनला, कागद आन. सासरचेबी म्हनले, कागद आन. तवा दुसरा मास्तर व्हता शाळेत, त्यानं उतारा देला. एक जूनला अठरा भरले म्हने. मी म्हनलं, अवो, जमीन हालली त्या रातची हाय, सोळाबी न्हाई भरले. तर म्हनले, तुझं तोंड खरं का शाळेचा कागद खरा? पाच जूनला हळद लागली. दुसऱ्या साली बाळंतपनाला नेता नेता जीपीतच गेली. राणी तेवढी वाचली."

म्हणजे पुजाचा वाढदिवस जन्मात एकदाच कुणी तरी वाट बघून मोजला होता, आणि तो सासरच्या लोकांनी. मी सवयीनं पेन उचललं आणि विचारलं, "गेली ती तारीख कोणती?" जन्म आणि मृत्यू, दोन्ही लागतात, हात आपोआप चालतो.

"ते नको लिवू," ती म्हणाली. "ते समद्याला ठाव हाय. जलमाचं लिव. एका तरी कागदावर बराबर येऊ दे. राणीला दाखवीन मी."

हे काम पाच मिनिटांचं होतं. दोन ओळी, उद्याचा अंक, संपलं. पण मला एकदम बाबांचा इतका राग आला की मी पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, "मावशी, ही तारीख ज्यांनी लिहिली ते माझे वडील आहेत."

"ठाव हाय की," ती म्हणाली. "गुरुजीचा लेक तू. तोंडावळा त्येंचाच हाय. म्हनून तं आले." आणि मग, जणू मला धीर देत, "गुरुजी मानूस चांगला व्हता. पोरीला दुपारी झोप यायची तं स्वताच्या धोतराच्या पानावर निजवायचा."

हे ऐकून राग कमी व्हायला हवा होता, तो वाढला. म्हणजे माहीत होतं त्यांना. पहिलीतली मुलगी दुपारी झोपते, तिला निजवता, आणि रजिस्टरात सहा वर्षं लिहिता. तिला म्हटलं, बसा, मी अर्ध्या तासात आलो, आणि जिना उतरलो. बियाण्याच्या रांगेतून वाट काढताना कुणी तरी मला 'हॅपी बर्थडे, भाऊ' म्हटलं. माझा नाही म्हणून मी ओरडलो.

घर पायी दहा मिनिटांवर आहे. रस्ता तापलेला, रिसाला बाजाराच्या बाजूनं येणारा धुरळा, नाकातोंडात उन्हाचा वास. मी चालता चालता बाबांना काय काय बोलायचं ते जुळवत होतो. आज चार वाजता तुम्हाला शाल देणार आहेत, ती कशाबद्दल ते आधी ऐकून घ्या. तुम्हाला आईबापाला एक प्रश्न विचारायचा कंटाळा होता. आयुष्यभर सगळ्या तालुक्याला शहाणपण शिकवलंत आणि एका बाईला विचारलं नाहीत, की बाई, ही कधी झाली? चाळीस वर्षं मी या माणसाच्या चांगुलपणाखाली दबून जगलो आहे. त्यांनी कुणाला वह्या दिल्या, कुणाला फी भरून परीक्षेला बसवलं, कुणाच्या दारात जाऊन पोरगी शाळेत आणून बसवली, हे मला अनोळखी माणसं बसमध्ये थांबवून सांगतात. माझ्या नावावर काय आहे? दहा ओळींची चौकट. म्हणून त्यांची एवढी एक चूक मी जपून ठेवली होती, दर एक जूनला बाहेर काढून त्यांना टोचायला. आज तिला धार आली होती. खरं सांगायचं तर रागात थोडा आनंदही होता, आणि तो मला तेव्हा जाणवलाही.

पुरावा हातात असावा म्हणून मी एका लिंबाखाली थांबलो आणि फोनवर रजिस्टरचा फोटो उघडला. काल कामाच्या घाईत नुसती नावं वाचली होती. आता पान मोठं करून बघितलं. जिल्हा परभणी, सेनगाव वेगळा व्हायच्या आधीचा जुना तालुका, मग आडव्या रेघा, नावं, बापाचं नाव, जात, जन्मतारीख अंकी, जन्मतारीख अक्षरी. पहिल्या मुलाच्या पुढे पूर्ण लिहिलेलं, एक जून एकोणीसशे एक्क्याण्णव. त्याच्या खाली सगळीकडे कित्त्याची खूण. दोन बारक्या रेघा, खालपर्यंत, एकोणचाळीस वेळा. आणि 'जून'मधल्या जचं शेपूट डावीकडे वळून खाली एक वेढा घेऊन वर आलेलं. बाबा ज असा काढत नाहीत. बाबांचा ज सरळ, मास्तरी. वेढ्याचा ज गोरेगावच्या बाजारात पाट्या रंगवणाऱ्या अमृतराव पेंटरचा, आणि तो नववीच्या सुट्टीत बघून बघून उचललेला माझा. मी आजही पानाच्या कच्च्या आराखड्यावर तसाच ज काढतो. ऑफिसातले हसतात.

ऊन होतं तिथेच राहिलं आणि मी सत्त्याण्णवच्या जूनमध्ये जाऊन पडलो. बाबा सायकलवरून घसरले होते आणि त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये गळ्यात बांधलेला होता. शाळा म्हणजे तांड्यावरच्या एका घराची पडवी, शेणानं सारवलेली, आणि मला लिहायला बरोबर नेलं होतं, कारण माझं अक्षर चांगलं. पंधरावं चालू होतं मला. मला तिथं जायचंच नव्हतं. दुपारी दोनला गोरेगावात व्हिडिओवर पिक्चर लागणार होता आणि दीडची जीप गेली की दुसरी नव्हती. बाबा एकेक पोराला पुढे बोलवत, नाव सांगत, जात सांगत, मध्येच त्याच्या आजाशी गप्पा मारत बसत. मी म्हणत होतो, बाबा, चला ना पुढं, किती वेळ. जन्मतारीख अंकी लिही, मग अक्षरी लिही, चाळीस वेळा तेच. मी पहिली लिहिली आणि खाली कित्ता ओढायला लागलो. बाबा म्हणाले, बरं, ओढ. पोरं आटपली आणि शेवटी एक प्रेमदास नावाचा मुलगा कडेवर बहिणीला घेऊन उभा होता. तिच्या नाकाला शेंबूड होता आणि ती माझ्या पेनाकडे हात करत होती. तिनं ते धरलं आणि मी तिच्या हातातून हिसकून घेतलं, शाई तिच्या बोटांना लागली. बाबा म्हणाले होते, आणि ते आता मला त्यांच्या आवाजात जसंच्या तसं ऐकू आलं, 'प्रज्ञेश, हिचं नाव लिहून ठेव, तारखेची जागा मोकळी सोड. हिची माय रानातून आली की इचारू.' बाहेर जीपचा हॉर्न वाजत होता. मी नाव लिहिलं, कित्त्याची खूण ओढली, रजिस्टर मिटलं आणि पळालो. पिक्चर मिळाला. काय होता तो, आठवत नाही.

घरी बाबा पलंगावर बसले होते. संध्यानं, माझ्या बायकोनं, त्यांना पांढरा सदरा घालून दिला होता आणि ती आत त्यांच्या टोपीला इस्त्री करत होती. ब्याऐंशीचा माणूस, शाळकरी पोरासारखा तयार होऊन चार वाजायची वाट बघत होता, सकाळपासून. मी जुळवलेलं सगळं भाषण वाटेत कुठे तरी सांडलं होतं. फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा पुसला, बघितलं आणि परत दिला.

"पुजाची माय आली आहे ऑफिसात," मी म्हटलं.

"भिकाबाई," ते म्हणाले.

"हे अक्षर कुणाचं आहे, बाबा?"

"इचारून काहून राहिलास? तुला दिसून नाही राहिलं?"

"तुम्ही बघितलं होतं?"

"त्याच दिवशी बघितलं, सांजेला. भिकाबाई रानातून आली, मी रजिस्टर उघडलं, तं जागा भरलेली." त्यांनी सदऱ्याची बाही खाली ओढली, पुन्हा वर केली. "खाडाखोड करता येत होती. लाल शाईनं दुरुस्ती, बाजूला सही. पण मंग ती पोरगी पटावर राहत नव्हती. चाळीस झाले तरच दुसरा मास्तर भेटणार होता मला. एकोणचाळीसला नाही. मी इचार केला, दोन वर्षांनं कोणाचं काय बिघडतं? सही करून टाकली."

"आणि ती गेल्यावर?"

"गेलो होतो मी मातीला. बसलो. लेकरू तिच्या मांडीवर होतं, भिकाबाईच्या. चहा देला मला, पिलो. तोंड उघडलं नाही."

"का?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. इतका वैताग मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी बघितला नव्हता. आयुष्यभर तो माझ्याच चेहऱ्यावर असायचा. "काहून म्हंजी? माझा गुन्हा सांगायचा तं तुझं नाव घ्यावं लागत होतं. सही माझी, पर अक्षर तुझं. मी नाही घेतलं. तू दर साली मला बोलून घेतोस, बोल म्हनलं. बोललास तं बोललास."

मला ओरडावंसं वाटलं. बेकरीवाल्यांची चांदी, मिनिटं आणि घाऊक, भर पंगतीत. ते ऐकत बसले, दरवर्षी, तोंड न उघडता हसत. असले उपकार मला नको होते. मला कुणी विचारलं होतं का, की तुला वाचवू का? मी पंधरा वर्षांचा होतो, सोळा वर्षांपूर्वी तर अठ्ठावीसचा होतो, चांगला बाप्या होतो, तेव्हा तरी सांगायचं होतं. हे सगळं मी म्हणालोही, मोठ्यानं. संध्या आतून टोपी घेऊन आली आणि दारातच थांबली. बाबा म्हणाले, "मी येतो. मी सांगतो तिला." आणि पलंगाचा कठडा धरून उठायला लागले.

"बसा," मी म्हटलं. "तुमचं तुम्ही चार वाजता सांगा, त्या मंडपात सांगा, सगळ्यांसमोर. सही तुमची आहे. माझं मला सांगू द्या." ते बसले. टोपी हातात घेऊन मांडीवर ठेवली. मी निघालो तेव्हा ते संध्याला विचारत होते, की भिकाबाईची नात आता केवढी असेल.

परत जाताना मी भराभर चाललो. आणि चालता चालता, लाज वाटते सांगायला, पण मी मनाशी सारखं म्हणत होतो, पंधरा. पंधरावं संपलं पण नव्हतं. पोरगं होतो मी, पोराला काय कळतं, बापानं बघितलं होतं, बापानं सही केली होती, दुसरा मास्तर, उतारा, तिचा नवरा, सासरचे, जीप, किती हात लागलेत त्याला, त्यात माझ्या दोन रेघा. दोन बारक्या रेघा. जिना चढेपर्यंत मी स्वतःला जवळजवळ सोडवून आणलं होतं.

भिकाबाई तिथेच बसलेली होती. तिनं पान पुन्हा चार पदरी घडी करून मांडीवर घेतलं होतं. कुणी तरी तिला पाणी दिलेलं, तांब्या अर्धा होता. मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो. टेबलामागे नाही.

"मावशी, ती तारीख गुरुजींनी नाही लिहिली. त्यांनी जागा मोकळी सोडायला सांगितली होती, तुम्हाला विचारायचं म्हणून. मी लिहिली. मला घाई होती." घाई कशाची होती तेही सांगितलं. गुरुजींनी नंतर ती दुरुस्त का केली नाही तेही सांगितलं.

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या उजव्या हाताकडे बघत होती, तो मी गुडघ्यावर ठेवला होता, कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. खाली रांगेत भांडण लागलं होतं, कुणाचा तरी नंबर कुणी तरी घेतला होता.

"किती वर्साचा व्हतास तवा?" तिनं विचारलं.

"पंधरा," मी म्हटलं. वाटेत घोटून तयार केलेला तो शब्द इतक्या पटकन बाहेर पडला की माझा मलाच ऐकू आला.

"पुजाबी पंधराचीच व्हती लगनात," भिकाबाई म्हणाली. "तिला कुनी लेकरू म्हनलं न्हाई." तिनं पानाची घडी टेबलावर ठेवली आणि पेन माझ्याकडे सरकवलं. "लिव आता."